हायड्रा शोधायला गेले आणि पडकईत उतरले

लेण्याद्रीला लोक गणपतीला जातात. मी गेले ती तिथल्या पाण्याच्या टाक्यांत डोकं घालून बघायला. परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, कशी झाली सहल, तर मला एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून हे लिहायला बसले. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची नावं पुण्यात सगळ्यांना ठाऊक असतात, शिवनेरीमुळे आणि भीमाशंकरमुळे. या दोहोंच्या मधल्या डोंगरांत मात्र फारसं कुणी उतरत नाही. मीही उतरले नसते. मला तिथे दोऱ्याएवढ्या एका प्राण्याने नेलं.

त्याचं नाव हायड्रा. शाळेच्या पुस्तकात त्याचं चित्र असायचं: देठासारखं अंग, टोकाला तोंड आणि तोंडाभोवती पाच-सहा लवलवते हात. थंड, गोड्या, स्वच्छ पाण्यात पानाला नाहीतर दगडाला चिकटून हा जगतो. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि चाळिशी उलटल्यावर पीएच.डी.चं खूळ डोक्यात घेऊन रजेवर आहे. घरात या खुळाला 'आईचं पाणी' म्हणतात, कारण फ्रिजमधली एक फळी माझ्या बाटल्यांनी अडवलेली असते.

हायड्राचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याचा नवा हायड्रा होतो, हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. त्याच्या पुढची गोष्ट अशी, की त्याच्या सगळ्या पेशी एकमेकींपासून सोडवल्या, पाण्यात पार विस्कटून टाकल्या आणि मग नुसत्या दाबून त्यांचा गोळा केला, तरी त्या गोळ्यातून काही दिवसांत हायड्रा उभा राहतो. बाहेरच्या पेशी बाहेर सरकतात, आतल्या आत जातात. त्यांच्यातच काही मूलपेशी असतात, म्हणजे अजून कुठलंच काम न पत्करलेल्या. त्यांतल्या काही डंख मारणाऱ्या पेशी होतात, काही मज्जापेशी होतात आणि काही पुढच्यासाठी तशाच कोऱ्या राहतात. गोळ्याला मेंदू नसतो, नकाशा नसतो. मग हे ठरवतं कोण? माझा सगळा प्रबंध या एका प्रश्नावर उभा होता.

उभा होता म्हणायचं, कारण मे महिन्यात तो झोपला. हायड्रा म्हातारा होत नाही असं अलीकडे काही शास्त्रज्ञ म्हणू लागले आहेत. माझे मात्र एका दुपारी लाइट गेली, एसी बंद पडला, तेवढ्यात आटोपले. अमर प्राण्यालाही भारनियमन चुकत नाही. नंतर मागून आणलेले हायड्रा पुण्याच्या पाण्यात तग धरेनात. शेवटी माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं, "रजा संपायच्या आत हायड्रा उभे करा. नाहीतर विषय बदला, गांडुळं घ्या." गांडुळांशी माझं वैर नाही, पण इतक्या वर्षांचा प्रश्न अर्धा टाकून जायचं माझ्या जिवावर आलं. थंडी सरत आली होती. ऊन तापलं की हायड्रा पुढच्या हिवाळ्यापर्यंत दिसत नाही, आणि तोवर माझी रजा कुणी ठेवणार नव्हतं.

लेण्याद्री

जुन्नरच्या स्टँडवर दत्ता गायकवाड घ्यायला आला होता. हा माझा कॉलेजातला वर्गमित्र, आता तिकडच्याच एका शाळेत जीवशास्त्र शिकवतो. दत्ताची एक खोड आहे. मराठीत शब्द असताना तो इंग्रजी शब्दाला दारात उभा करत नाही. मायक्रोस्कोपला सूक्ष्मदर्शक, जीनला जनुक, इथपर्यंत ठीक आहे. पण हायड्राला तो जलव्याल म्हणतो. व्याल म्हणजे साप, म्हणून हा पाण्यातला साप.

"दत्ता, हायड्रा म्हण रे. मुलांना समजेल."

"मुलांना समजतं, अलका. तुम्हा पुणेकरांनाच जड जातं."

पायऱ्या चढून वर गेलं की आधी धाप लागते आणि मग वळून पाहिलं की ती विसरायला होते. खाली कुकडीचं खोरं पसरलेलं, द्राक्षांचे मांडव, कांद्याची हिरवी-निळी वावरं, आणि समोर आडवा पडलेला शिवनेरी. ज्यांनी ही लेणी कोरली त्यांनी दगडातून नुसते खांब आणि स्तूप काढले नाहीत, डोंगरात मुरलेलं पाणी नेमकं टाक्यांत उतरेल अशा जागाही शोधल्या. हे लोक मला आमच्या खात्यात हवे होते. आमच्याकडे इमारत पूर्ण होते आणि मग नळ कुठून आणायचा यावर बैठक बसते.

मी एका टाक्याच्या काठावर पालथी झोपले, बॅटरी पाण्यावर धरली आणि दोरीला बांधलेली बाटली आत सोडली. दर्शनाला आलेल्या एक आजीबाई थांबल्या.

"काय पडलं वो बाई?"

"काही नाही आजी, शोधतेय."

'शोधतेय' एवढंच पुढे गेलं. थोड्या वेळात टाक्याभोवती ही गर्दी. कुणी गळ आणायला सांगत होतं, कुणी पाणी उपसायला माणूस मिळेल का म्हणत होतं. आम्ही पायऱ्या उतरून खाली चहाला बसलो तेव्हा टपरीवाल्याने दत्ताला हळहळून सांगितलं, की वर पुण्याच्या एका बाईंचं मंगळसूत्र टाक्यात पडलं. दत्ताने ते अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं.

हायड्रा मात्र नव्हता. पाण्यात कुणीतरी डास मारायला गप्पी मासे सोडले होते. हायड्रा ज्या बारीक पाणपिसवांवर जगतो त्या सगळ्या माशांनी फस्त केल्या होत्या. दुसरी टाकी पाहिली, तिसरी पाहिली, सगळीकडे मासेच. डास कमी झाले असतील तर चांगलंच आहे, पण मला काही ते चांगलं वाटेना.

दत्ताच्या घरी सुमनवहिनींनी मासवडी केली होती. यात मासा नाही ना, असं मी दोनदा विचारलं आणि त्या दोन्ही वेळा हसल्या. बेसनाच्या गुंडाळीत तीळ-खोबऱ्याचं सारण, वड्या माशासारख्या कापलेल्या, आणि सोबत डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना 'अजून घ्या' म्हणतात. तिकडे विचारत नाहीत, ताटात पडतं. माझं तोंड उतरलेलं पाहून दत्ता म्हणाला, "डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. मी तिथे वनस्पती गोळा करायला जातो. बारमाही झिरा आहे, मासा नाही काही नाही. कंडक्टरकडे निरोप धाडतो, माणसं शोधून ठेवतील."

डिंभ्याच्या वर

वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या हिवाळ्यात चार कॉलेजांच्या सहली बाटल्या घेऊन तिथे पोचतील.

घोडेगाव सोडलं की मुलूख बदलतो. ऊस मागे राहतो, धरणाचं पाणी डोंगरांच्या बोटांमधून आत घुसलेलं दिसतं आणि रस्ता त्याच्या कडेकडेने वळत जातो. एसटीतून उतरून आम्ही चढण धरली. हिरड्याची झाडं, वाळल्या गवताचा गोडसर वास, आणि उतारावर एकाखाली एक भाताची खाचरं. पीक निघालेलं, नुसते बुडखे राहिलेले. प्रत्येक खाचराला दगडाचा बांध, कुठे गुडघ्याएवढा, कुठे पुरुषभर. चुना नाही, सिमेंट नाही. माणसांनी एवढा डोंगर हातांनी सपाट केला हे पाहून मी चालायची थांबले आणि दत्ताला वाटलं मी दमले.

वाडीत आम्ही उतरलो ते कोंडाजी आणि हौसाबाई या नवराबायकोकडे. दोघं पन्नाशीच्या आसपासची. कोंडाजी बोलायला सावकाश, हौसाबाईंची जीभ चालायला लागली की पाय थांबायचे नाहीत. पाणी प्यायला दिलं, गूळ दिला आणि कोंडाजींनी आतून एक काचेची बरणी आणून मोठ्या मानाने माझ्यापुढे ठेवली.

"घ्या ताई. समद्या जित्या हायती."

बरणीत काळ्याभोर, गलेलठ्ठ जळवा एकमेकींवर चढत होत्या. दत्ताने जलव्याल म्हणून निरोप धाडला. कंडक्टरने तो फाट्यावरच्या चहावाल्याला दिला, चहावाल्याने वाटेने जाणाऱ्याला दिला, आणि वाडीत पोचेपर्यंत त्याच्या जळवा झाल्या होत्या. बिचारे कोंडाजी म्हशी डुंबायच्या डबक्यात उघड्या पायांनी उभे राहिले होते, जळवा पायाला लागाव्यात म्हणून. त्यांच्या पोटऱ्यांवर अजून खुणा होत्या.

"आमाला वाटलं डाक्टरीन बाई हाय, नासकं रगात वढायला लागत्यात," हौसाबाई म्हणाल्या.

मी दत्ताकडे पाहिलं. मराठी भाषेचा तो कैवारी छपराच्या वाशांकडे पाहत होता.

बरणीला नको म्हणायचं तर कोंडाजींच्या पोटऱ्यांचा अपमान, आणि घ्यायची तर एसटीत कुणी शेजारी बसलं नसतं. शेवटी मी कोंडाजींना दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि हव्या असलेल्या प्राण्याचं चित्र मातीत काढून दाखवलं. हौसाबाई म्हणाल्या, असलं काही पाहिलं नाही, पण झिरा मागेच आहे, चला.

घरामागे उतारावर, खडकाच्या खळग्यात झिऱ्याचं पाणी साठलं होतं. चार-पाच परातींएवढा खळगा, तळ स्वच्छ दिसणारा, कडेने पाणवनस्पती. पाण्यात हात घातला तर बोटं आखडली. मी काही पानं बाटलीत टाकून सावलीत ठेवली आणि वाट पाहत बसले. हायड्रा अंग चोरून बसलेला असतो, पाणी स्थिरावलं की हळूहळू लांब होतो. उन्हं कलली तेव्हा काचेला आतून एक तपकिरी दोरा चिकटलेला दिसला. मग त्याने हात पसरले.

मी लहान मुलीसारखी ओरडले. दत्ताने घाईत 'हायड्रा' म्हटलं, हे मी नंतर त्याला बऱ्याचदा ऐकवलं.

मग मी अधाशासारखी सगळी पाणवनस्पती उपसली आणि बाटल्या भरून घेतल्या. खळग्यात मागे नुसते दगड राहिले. दत्ताला शाळा होती, तो उतरत्या उन्हात फाट्याकडे निघून गेला. मी मुक्काम केला.

संध्याकाळी चुलीपुढे नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि कुळथाचं पिठलं. आमच्या घरी नाचणी आजारी माणसाला देतात. इथे ती दणदणीत भाकरी होऊन पानात येते आणि आजारी माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. जेवणाआधी अंगणात मी माझा छोटा मायक्रोस्कोप मांडला होता आणि सगळी वाडी एक डोळा मिटून रांगेने पाहून गेली होती. हौसाबाईंनी मात्र तिथेच थांबून विचारलं, "याचं काय करायचं पुन्यात?"

मी सांगितलं. अंगातली प्रत्येक पेशी म्हणजे एक बारीक जीव समजा. सगळ्यांच्या पोटात जनुकांचा तोच एक संच असतो. पण सगळी जनुकं एकदम जागी नसतात. एक जागं झालं की ते दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला गप्प करतं, आणि तिसरं फिरून पहिल्यावर येतं. ही ओढाताण चालता चालता एका ठिकाणी स्थिरावते आणि मग ती पेशी डंखाची होते. दुसरीकडे स्थिरावली तर मज्जेची. शेजारणी काय सोडतात, आपल्यासारख्या कोऱ्या आसपास किती आहेत, याचा त्यात धक्का असतो. कोऱ्या कमी पडल्या तर जास्त कोऱ्या राहतात, पुष्कळ असल्या तर कामाला लागतात.

"आन मुकादम?"

"मुकादम नाहीच. तेच तर कोडं आहे."

"त्यात कसलं कोडं? आमच्या पडकईत तरी कुठं आसतो?" हौसाबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली. "उद्या हायेच आमची. बगा की."

पडकई म्हणजे काय ते तेव्हा कळलं. एका घराचं खाचर करायचं असलं की सगळी वाडी त्या दिवशी त्याच्याकडे कामाला येते. पैसे नाहीत, घरधन्याने जेवण घालायचं, आणि पुढे ज्याची पाळी येईल त्याच्याकडे आपण जायचं. हौसाबाईंचा उतार उद्या सपाट होणार होता. मला ते फार आवडलं. कुठला उतार, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

वाडी, सकाळी

उठून पडवीत आले तर माझ्या बाटल्या धुऊन, पुसून, ओळीने पालथ्या घातलेल्या. शेजारी तांब्याचं घंगाळ, चिंचेने घासून लखलखीत केलेलं. त्यात माझं पाणी.

घंगाळ हे त्या घरातलं सगळ्यात चांगलं भांडं. तांब्यातलं पाणी चांगलं राहतं, गार राहतं, ही आपली सगळ्यांचीच समजूत आणि आपल्यापुरती ती ठीकही आहे. पुण्याहून आलेल्या ताईंनी ज्याच्यासाठी एवढा प्रवास केला तो जीव प्लास्टिकच्या मळक्या बाटल्यांत कसा ठेवायचा, म्हणून हौसाबाईंनी पहाटे उठून सगळं त्यात ओतलं होतं. फक्त हायड्राला तांबं अजिबात चालत नाही. पाण्यात नावाला उतरलं तरी तो विरघळायला लागतो. मी भिंग लावून पाहिलं. तळाशी पिवळसर गाळ होता आणि त्यात एकही हात हलत नव्हता.

मी चिडले की माझा आवाज वर्गातला होतो.

"हे कुणी सांगितलं होतं करायला?"

हौसाबाई चुलीपुढून उठून आल्या. "कुनी न्हाई. माजं मीच केलं. का वो?"

मी सांगितलं. एक शब्द न गाळता सांगितलं. त्यांचा चेहरा असा पडला की तो बघून माझा राग जागच्या जागी बसला, पण तोंडातून गेलेलं परत घेता येत नव्हतं. त्यांनी घंगाळ उचलून आत नेलं आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

उरलेले हायड्रा असतील तर झिऱ्यातल्या दगडांच्या खालच्या अंगाला. ते भिंगाने शोधून, दगडावरून नुसत्या बोटांनी सोडवायचे, म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. मी बाटल्या घेऊन घरामागे गेले आणि तिथे वाडी लोटलेली दिसली. जो उतार सपाट व्हायचा होता तो हाच. बांधाची दोरी सरळ खळग्यावरून गेली होती. वाडी विहिरीचं पाणी पिते, तेव्हा या खळग्याचं कुणाला काही नव्हतं. वरून पहारीने सुटलेला मुरूम घमेल्यांतून खाली येत होता आणि झिऱ्याच्या दिशेने सरकत होता. दुपारपर्यंत माझा खळगा, हायड्रा आणि प्रबंध एकाच मुरुमाखाली जाणार होते.

मी पुण्याची. मला वाटलं, जो कोणी मुख्य असेल त्याला भेटावं, विनंती करावी, थोडं थांबा म्हणावं. मी कोंडाजींना गाठलं.

"मला काय इचारता? खाचर हौसाचं. तिला इचारा."

हौसाबाई दारात तांदूळ पाखडत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी जेवान रांदते. बांद त्ये घालत्यात."

बांध रचणारे बुधाजी म्हणून एक आजोबा होते. त्यांच्याजवळ गेले.

"आमी काय, दगुड यील तसा लावतो. घमेलीवाल्या बाया म्हनत्याल तितं भर पडतीय."

घमेलीवाल्या म्हणाल्या, पहार चालेल तिकडून माती येते. पहारवाला म्हणाला, बुधाजी बांध नेतील तसं खणतो. मी पूर्ण फेरी मारून पुन्हा कोंडाजींपाशी आले. कुणी टाळत नव्हतं. सगळे खरंच सांगत होते. थांबवायची सत्ता कुणाकडेच नव्हती, कारण चालवायची सत्ताही कुणाकडे नव्हती. वर्षानुवर्षं मी ज्या गोष्टीचं कौतुक करत होते तिच्यापुढे अर्ज घेऊन उभं राहायची वेळ आली, आणि अर्ज घ्यायला खिडकीच नव्हती.

मग मी साडी खोचली आणि खळग्यात उतरले. दुसरं काही सुचलंच नाही. दगड उलटा करायचा, भिंग लावायचं, दोरा दिसला की अलगद सोडवून बाटलीत. पाणी नडग्यांना चावत होतं. वर मान करून बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण बघितलं असतं तर रडू आलं असतं.

घमेलं घेऊन एक बाई माझ्यापाशी आली. थांबली. तिने खाली बसलेल्या मला पाहिलं आणि घमेलं दोन पावलं पलीकडे रिकामं केलं. मागून दुसरी आली, तिने पहिलीच्या ढिगावर ओतलं. तिसरीने मला पाहिलंसुद्धा नसेल, तिने ढीग पाहिला. भर पलीकडे पडायला लागली तशी बुधाजींनी दोरीचा खुंटा उपटला, ढिगाच्या कडेने दगड लावायला घेतले आणि 'आता इकडं' असंही कुणाला म्हणाले नाहीत. दगड वाहणारे आपोआप तिकडे वळले. पहारवाल्याला खाली त्या बाजूला थांबलेली रिकामी घमेली दिसली, त्याने बाजूचा खडक धरला. गप्पा चालू होत्या त्या तशाच चालू राहिल्या, कुणाच्या तरी जावयाबद्दल होत्या.

बाटलीचं झाकण लावून मी सरळ उभी राहिले तेव्हा बांध माझ्याभोवतीने वळून पुढे गेलेला होता. सरळ रेघेत आलेला दगडांचा तो बांध खळग्यापाशी कोपरासारखा वाकला होता आणि पुढे परत आपल्या वाटेला लागला होता.  मी तिथेच पाण्यात उभी राहून रडले आणि कुणी पाहू नये म्हणून तोंड धुतल्यासारखं केलं.

सकाळी मी ज्या गोष्टीसाठी हौसाबाईंवर ओरडले होते, न सांगता आपल्या मनाने करणं, तीच ही गोष्ट होती. तिनेच माझे हायड्रा मारले आणि तिनेच उरलेले वाचवले. हे समजल्यावर मला आत जाऊन बोलणं भाग होतं. मी चुलीपाशी जाऊन बसले.

"हौसाबाई, सकाळी मी फार बोलले."

"बोलला तर बोलला. जीव ग्येला न् त्येंचा." मग थोड्या वेळाने, "गावलं का?"

मी बाटली दाखवली. त्यांनी ती हातात घेतली नाही, पदर सावरून लांबूनच पाहिली. "मी न्हाई हात लावनार आता," म्हणाल्या, आणि आम्ही दोघी एकदमच हसलो.

जेवायला सगळी वाडी त्याच उतारावर बसली. आंबेमोहराचा भात, पावट्याची आमटी, आणि वर कोंडाजींच्या मते मिरची कमी पडलेला ठेचा. माझ्या कानांतून धूर निघत होता. ज्यांनी खुंटा उपटला होता त्या बुधाजींनीच जेवताना बांधाकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्यो वाकडा कुनी क्येला रं?"

"मी न्हाई. भर तितं पडली व्हती," दगडवाला म्हणाला.

"आमी कुटं? पयल्या घमेल्याच्या शेजारी वतलं," बाया म्हणाल्या.

पहिलं घमेलं कुणाचं यावर बरीच चर्चा झाली. जिचं होतं तिलाही ते आठवेना. हौसाबाईंचं पसाभर भाताचं रान त्या वळणात गेलं, हे सगळ्यांना दिसत होतं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. झिऱ्याला बी जागा पायजे." आणि वाढत पुढे गेल्या.

परत पुण्यात

बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मी मांडीवर धरली होती. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, औषध आहे का. मी हो म्हटलं. कशावरचं, विचारल्यावर मात्र अडचण झाली.

सोबत झिऱ्याचं पाणीही आणलं होतं. हायड्रा टिकले. आठवड्याभरात त्यांच्या अंगाला पिल्लं फुटली आणि मला हव्या तेवढ्या पेशी मिळाल्या. मी त्या सुट्ट्या केल्या, गोळा केल्या आणि थंड कपाटात ठेवून दिल्या. पहिले काही दिवस नुसता करडा गोळा होता, मग तो आतून पोकळ झाला. रजेचा शेवटचा आठवडा चालू होता. मी रोज सकाळी चहाआधी बघायला जायची आणि रोज परत येईपर्यंत चहा गार झालेला असायचा.

एका सकाळी गोळ्याच्या कडेला एक टेंगूळ दिसलं. दुपारी त्याला हात फुटले. संध्याकाळी पलीकडच्या बाजूलाही फुटले. दोन डोकी. गोळ्यात असं होतं, दोघं पुढे आपापल्या वाटेने वेगळी होतात. मी सरांना बोलावलं. ते मायक्रोस्कोपवर वाकले ते वाकलेच. मी पदराशी चाळा करत उभी होते. गांडुळांचा विषय आता निघणार नव्हता, हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं.

"सुंदर," ते म्हणाले. आणि मान वर न करता विचारलं, "पण बाई, यातली पहिली पेशी कुठली ठरली? सुरुवात कुणी केली?"

"सर, तिला विचारलं तर ती शेजारणीकडे बोट दाखवील. आणि ते खरंच असेल."

सर हसले. म्हणाले, हे असं प्रबंधात लिहू नका.

म्हणून इथे लिहिलं.